नागझरीचा भोंगा आणि हरवलेली नावं

शनिवारी सकाळी कस्तुरीच्या आईचं नाव हरवलं.

आई जागेवरच होती. शेगडीपुढे उभी राहून थालीपीठ थापत होती आणि सवयीप्रमाणे एकीकडे बोलतही होती. पण कस्तुरीच्या चष्म्याच्या काचेवर अक्षरं उमटली ती अशी : ‘कोणीतरी – चहा गार व्हायलाय.’ कस्तुरीनं चष्मा काढला, ओढणीच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला. ‘कोणीतरी – काच पुसून चहा गरम होत नाही.’ बोलणं अगदी आईचंच होतं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मग हे कोणीतरी कोण?

कस्तुरी माने बारा वर्षांची. सहाव्या वर्षी एक मोठा ताप आला आणि जाताना तिचं ऐकणं घेऊन गेला. बोलणं मात्र शाबूत राहिलं, आणि इतकं शाबूत राहिलं की तिला गप्प बसवताना शाळेत सगळ्यांच्या नाकी नऊ येत. ही गोष्ट आहे २०४३ सालातली, म्हणून तिच्याकडे शब्दचष्मा होता. शब्दचष्मा (समोरच्याचं बोलणं काचेवर लिहून दाखवणारा चष्मा) दिसतो मोठा हुशार, पण खरी मेहनत करतो तो खिशातला फोन. फोन आवाज ऐकतो, त्याचे शब्द करतो, आवाज कुणाचा आहे ते ओळखतो आणि नावासकट सगळं चष्म्याकडे पाठवतो. कस्तुरीच्या फोनला चारशे बारा माणसांचे आवाज ओळखता येत होते. नागझरी गावातली माणसं, शाळेतली मुलं, झाडून सगळे नातेवाईक, आणि एक कायम ओरडणारा दूधवाला.

आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी, शाळेनं मुलांना दिलेल्या सगळ्या फोनना अपडेट आलं होतं. अपडेट म्हणजे फोनच्या आतल्या सूचनांचा नवा, सुधारलेला संच. ‘आता तुमचा फोन अधिक चांगलं ऐकेल,’ असं पडद्यावर लिहून आलं होतं. आणि शनिवारपासून हा प्रकार.

नावं गेली तेवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्याच दिवशी दुपारी दोन वाजता, गणिताच्या तासाला, फोन इस्त्रीसारखा तापला आणि मान टाकून मोकळा झाला. बॅटरी संपली होती. आधी हाच फोन दिवसभर ऐकून संध्याकाळी अर्धा भरलेला असायचा. सरांचे ओठ हलत राहिले, मुलं हसली, कुणीतरी उठून फळ्याकडे गेलं. काय चाललंय ते कस्तुरीला काही कळेना. तिला रडू आलं नाही, राग आला.

रागाला कारणही होतं. पुढच्या शनिवारी दुपारी चार वाजता तालुक्याला वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी होती. विषय : गृहपाठ असावा की नसावा. कस्तुरी आणि शेजारच्या पाडळी गावची सानिका अशी शाळेची जोडी होती, आणि ‘असावा’ची बाजू मांडायची जबाबदारी आली होती कस्तुरीवर, जिनं जन्मात एक गृहपाठ वेळेवर दिला नव्हता. समोरच्यांनी काय मुद्दा मांडला आणि दोघांपैकी कुणी मांडला हे कळलं नाही तर उत्तर कशाला देणार? स्पर्धेची तयारी करून घेणाऱ्या पाटोळे सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की शनिवारी सकाळी आठला बस निघेपर्यंत फोन सुधारला तर ठीक, नाहीतर राखीव मुलगा उभा राहील. त्यांनाही ते बोलताना बरं वाटलं नव्हतं. आणि चष्म्यावर या सगळ्या बोलण्याआधी नाव होतं ‘कोणीतरी’.

चार्जिंगला लावूनच वापरायचा, असं तुम्ही म्हणाल. तेही तिनं करून पाहिलं. एकीकडे वीज घेणं आणि एकीकडे ऐकणं सुरू झालं की फोन इतका तापायचा की ‘मी फार गरम झालो आहे’ अशी पाटी लावून ऐकणंच थांबवायचा.

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. सल्ला देण्यात नागझरीचा हात कुणी धरणार नाही. तिचा कॉलेजात जाणारा भाऊ, हर्षवर्धनदादा, म्हणाला, “सगळी अ‍ॅप सारखी बंद करत जा की. तीच बॅटरी खातात.” कस्तुरी दर अर्ध्या तासाला सगळं बंद करू लागली. फोन आणखी तापला. आई म्हणाली, एकदा बंद करून चालू कर. कस्तुरीनं एकदा सोडून दिवसातून दोनदा केलं. काही फरक नाही. शेजारच्या काकूंनी फोन माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवायला सांगितला, पण तेवढी अक्कल कस्तुरीला होती.

सोमवारी गोंधळ आणखी वाढला. नागझरीतल्या एकूण एक मुलाचा फोन दुपारी दोन-अडीचलाच मरत होता. मोठ्या माणसांनाही तेच अपडेट आलं होतं, पण त्यांचे फोन शनिवारपासूनच ठणठणीत होते. आणि पाडळीच्या सानिकाचा फोन? तोही शाळेचाच, तोच रंग, तेच अपडेट. तो पहिल्या दिवशी थोडा तापला आणि दुसऱ्या दिवसापासून असा चालत होता की काही झालंच नव्हतं. दोन गावांमध्ये अंतर फक्त तीन किलोमीटर. कस्तुरीनं दोघींचे फोन बाकावर शेजारीशेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसली.

गावानं मात्र निकाल लावून टाकला : पोरं चोरून गेम खेळतात. ग्रामपंचायतीत तशी तक्रारही आली. ती ऐकून घेणाऱ्या सरपंच होत्या शालिनी माने, म्हणजे कस्तुरीची आईच. त्या संध्याकाळी आईनं तिला समोर बसवून हातांच्या खुणांनी विचारलं, की खरं सांग, खेळतेस का? कस्तुरी उठून आत निघून गेली. आईनं विचारावं, याचं तिला फार लागलं.

आई तिच्याशी खुणांनी का बोलली ते सांगायला हवं. ती वेळ भोंग्याची होती. चार वर्षांपूर्वी सरपंच झाल्या झाल्या शालिनीताईंनी गावात एक नियम आणला. रोज संध्याकाळी सात वाजता ग्रामपंचायतीवरचा भोंगा वाजायचा, की घरोघरी सगळे फोन बंद. नुसते बाजूला ठेवायचे नाहीत, बटण दाबून पूर्ण बंद करायचे आणि पेटीत टाकायचे. साडेआठला मोठी माणसं आपापले फोन काढून चालू करत. मुलांचे फोन मात्र बंद अवस्थेत पेटीतच चार्ज होत राहत, ते थेट सकाळी सहाला बाहेर येत. त्या दीड तासात माणसं ओट्यावर बसत, कॅरम खेळत, भांडत, समेट करत. नियम आला तेव्हा गावानं कस्तुरीला सूट देऊ केली होती. तिनंच ती घेतली नाही. सगळ्यांचे फोन पेटीत आणि आपलाच तेवढा बाहेर, हे तिला नको होतं. मग आई आणि दादा खुणांची भाषा शिकले, आणि त्या दीड तासात घर हातांनी बोलू लागलं.

गुरुवारी नागझरीचा बाजार असतो. बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेच्या टोकाला दुरुस्तीची गाडी येते आणि त्या गाडीत मिस्त्री असतो. मिस्त्री म्हणजे यंत्रमानव. कमरेखाली तो गाडीलाच जोडलेला आहे. वर तीन हात, डोळ्यांच्या जागी दोन भिंगं आणि छातीवर एक पडदा. गावाचं त्याच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं, कारण काहीही विचारलं की तो आधी ‘मला माहीत नाही’ म्हणायचा. असं म्हणणाऱ्या कारागिराकडे कोण जाणार?

कस्तुरी गेली, कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं. शाळा सुटल्यावर ती पोचली तेव्हा सहा वाजून गेले होते आणि मिस्त्री आवराआवर करत होता. साडेसहाला त्याची गाडी निघायची. तिनं मेलेला फोन पुढे केला. मिस्त्रीनं एका हातानं त्याला वीज जोडली, दुसऱ्यानं त्यावर एक छोटा पंखा धरला आणि चष्मा पुन्हा जागा झाला.

“याला काय झालंय?” कस्तुरीनं विचारलं.

‘कोणीतरी – मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का?’

बारा वर्षांच्या आयुष्यात तिला कुणी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. तरी ती वैतागलीच. माहीत असतं तर इथं कशाला आले असते, असं ती म्हणाली. मिस्त्रीला हे पटलं. म्हणजे आपल्या दोघांनाही माहीत नाही, तो म्हणाला, तेव्हा ज्याला माहीत आहे त्याला विचारू. त्यानं फोनची नोंदवही उघडली. नोंदवही म्हणजे दर मिनिटाला आपण काय करतो हे फोन स्वतःच लिहून ठेवतो ती वही. ती कुठे असते हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. मिस्त्रीनं ती कशी उघडायची ते तिला दोनदा दाखवलं आणि तिसऱ्यांदा तिच्याकडूनच उघडून घेतली.

मिस्त्रीच्या छातीवरच्या पडद्यावर ओळी सरकू लागल्या. ‘आवाजांची नवी मांडणी : सुरुवात.’ मग बऱ्याच वेळानं, ‘चाळीस टक्के.’ मग, ‘फोन बंद.’ मग पुन्हा, ‘आवाजांची नवी मांडणी : सुरुवात.’ खाली खाली तेच. कस्तुरीनं बोटानं मोजलं. सहा दिवसांत एकवीस वेळा सुरुवात झाली होती आणि शेवट एकदाही नव्हता.

आता मिस्त्री सावकाश सांगू लागला. घाई त्याच्या स्वभावातच नव्हती. नव्या अपडेटनं आवाज ओळखायची पद्धत बदलली. जुन्या पद्धतीनं लावून ठेवलेले चारशे बारा आवाज नव्या पद्धतीला उपयोगाचे नाहीत. प्रत्येक आवाज बाकीच्या प्रत्येक आवाजाशी ताडून, वेगळा काढून, पुन्हा नावाच्या खणात ठेवायला हवा. हे काम फोनचा प्रोसेसर (आकडेमोड करणारा भाग) करतो. प्रोसेसर कामाला लागला की वीज खातो आणि तापतो. म्हणजे बॅटरी बिघडलेली नाही. फोन आजारीही नाही. तो न थांबता राबतो आहे, इतकंच. आणि काम पुरं होईपर्यंत त्याच्याकडे कुणाचंच नाव नाही, म्हणून सगळे कोणीतरी.

“मग रोज पहिल्यापासून का?” कस्तुरीनं विचारलं. “चाळीसवरून पुढं का नाही जात?”

मिस्त्री म्हणाला की ही जुळवाजुळव तात्पुरत्या स्मृतीत चालते. ती पाटीसारखी असते. फोन चालू आहे तोवर पाटीवरचं लिखाण टिकतं, बंद केला की पाटी पुसली जाते. काम पूर्ण झालं तरच ते पाटीवरून पक्क्या वहीत उतरतं.

कस्तुरीला एकदम शाळेचं वाचनालय आठवलं. मागच्या वर्षी पुस्तकं विषयांप्रमाणे नव्यानं लावायची ठरली, तेव्हा मुलांनी सगळी पुस्तकं खाली काढून खोलीभर ढीग लावले होते. संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींनी पसारा बघितला आणि सगळे ढीग उचलून होते तसे कपाटात कोंबले. दुसऱ्या दिवशी मुलांनी पुन्हा खाली काढले, मावशींनी पुन्हा कोंबले. तीन दिवस हा खेळ चालला होता. मावशी बिचाऱ्या मदतच करत होत्या. मिस्त्रीला तिनं हे सांगितलं. तो म्हणाला की आपल्याला इतकं चांगलं सांगता आलं नसतं.

म्हणजे दादाचं ‘अ‍ॅप बंद कर’ आणि आईचं ‘बंद करून चालू कर’ हीसुद्धा मदतच होती. पण त्यानं फार तर काही सुरुवाती वाढल्या असतील. मुळात हे काम संपत का नव्हतं? मिस्त्री म्हणाला की त्याला नेमकं हेच कळत नाही. ज्यांनी अपडेट लिहिलं त्यांनी हे काम रात्रीसाठी राखून ठेवलं आहे. फोन चार्जिंगला आहे, पडदा काळा आहे, कुणी हात लावत नाही, असं दिसलं की फोन निवांतपणे कामाला बसतो. वीज भिंतीतून येते, बॅटरीतलं काही जात नाही, आणि नऊ तासांत सगळं आटोपतं. मंगळवारी पाडळीच्या बाजारात त्यानं पन्नासएक फोन पाहिले, सगळ्यांचं पहिल्या रात्रीच झालं होतं. रात्र मिळाली नाही तरच फोन दिवसा, मिळेल त्या फटीत, बॅटरीवर हे काम करू पाहतो.

‘कोणीतरी – तुमच्या फोनला एकही रात्र मिळालेली नाही. रोज सात वाजता तो नाहीसा होतो आणि सकाळी सहाला परत येतो. सात वाजता काय होतं?’

कस्तुरीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात सगळा बाजार थांबला.

तिला काही ऐकू आलं नाही, येणारही नव्हतं. तिनं पाहिलं. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला आणि कमरेचा फोन काढला. चहावाल्यानं किटली ठेवली. सायकलवरचा माणूस एक पाय टेकून उभा राहिला. जिकडे पाहावं तिकडे अंगठे बटणांवर दाबलेले, आणि एकामागून एक उजळलेले पडदे काळे होत चाललेले. दर गुरुवारी मिस्त्री साडेसहालाच निघून जायचा, त्यामुळे चार वर्षांत त्यानं हे कधी पाहिलं नव्हतं. त्याची भिंगं गरगर फिरली.

‘कोणीतरी – हे सगळे काय करत आहेत?’

कस्तुरीचा स्वतःचा अंगठाही बटणावर गेला होता. सवयच ती. तिनं अंगठ्याकडे पाहिलं, पडद्यावरच्या ‘फोन बंद’ या एकवीस ओळींकडे पाहिलं आणि अंगठा उचलला.

“भोंगा,” ती म्हणाली. “आमचा भोंगा वाजला.”

तिनं भराभर सगळं सांगितलं. मोठ्यांचे फोन साडेआठला चालू होतात आणि रात्रभर चार्जिंगला राहतात, म्हणून त्यांना त्यांचे नऊ तास मिळाले. मुलांचे फोन बंद होऊन झोपतात. पण बंद फोन चार्ज तर होतो ना? मिस्त्री म्हणाला, होतो. बंद फोन वीज पितो, पण काम करत नाही. पडदा काळा असलेला फोन डोळे मिटून काम करतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आत मात्र दोघांत फार अंतर आहे. आणि मग त्यानं अशी एक गोष्ट सांगितली की कस्तुरी ती बरेच दिवस विसरली नाही. अपडेट लिहिणाऱ्यांना वाटलं होतं की फोन रात्री चालूच असतो. जगात असंही एक गाव असेल हे त्यांच्या मनातच आलं नाही.

चालू फोन खिशात घेऊन, भोंगा झाल्यावर गावातून चालत जायची कस्तुरीची ही पहिलीच वेळ. सरपंचांचीच मुलगी. तिला उगीचच सगळे आपल्याकडे बघतायत असं वाटत होतं.

ओट्यावर आई आणि दादा कॅरम मांडून बसले होते. चष्म्याच्या कडेला चमकणारा, फोन चालू असल्याचा निळा ठिपका आईला लांबूनच दिसला. तिनं हातानं खूण केली : बंद कर. कस्तुरीनं नकारार्थी मान हलवली. आईनं पुन्हा खूण केली, आता भुवया वर चढवून. कस्तुरीनं नकार दिला आणि मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं, नोंदवहीसकट, उभ्या उभ्या सांगून टाकलं. तरी आईचा चेहरा काही सैल होईना. नियम आपणच करायचा आणि आपल्याच घरात मोडायचा, ही गोष्ट तिला पटण्यातली नव्हती.

तेव्हा कस्तुरीनं चष्मा काढून आईच्या डोळ्यांवर चढवला. “बोल काहीतरी,” ती म्हणाली.

आई काय बोलली ते कस्तुरीला अर्थातच कळलं नाही. पण तिला आईचा चेहरा दिसत होता. काचेवर आपलेच शब्द उमटताना आईनं पाहिले, आणि शब्दांच्या आधीचं नाव वाचलं. तिनं पुन्हा काहीतरी म्हटलं, हळू. पुन्हा वाचलं. सहा दिवस आपल्या पोरीसाठी आपण कोणीतरी होतो, हे तिला आता कळलं. तिनं चष्मा उतरवून कस्तुरीला दिला.

‘कोणीतरी – माणसांनी एकमेकांकडं बघावं म्हणून भोंगा सुरू केला. फोननं त्या वेळात काय करावं, हे कुठं लिहिलंय? राहू दे चालू. चष्मा तेवढा काढ आणि बस खेळायला.’

गुरुवारी रात्री फोन चालू ठेवून, चार्जिंगला लावून, पडदा खाली करून पेटीत ठेवला गेला. शुक्रवारी सकाळी कस्तुरीनं धावत जाऊन, अर्धवट झोपेत, रोजच्या सवयीनं फोनचं बटण दाबलं आणि चष्मा घातला.

‘कोणीतरी – उठलीस व्हय?’

मिस्त्री चुकला? की आपल्यालाच नीट समजलं नाही? आता एकच रात्र उरली होती. दादा लगेच म्हणाला की त्या यंत्रमानवाला काही येत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. कस्तुरीला वाटलं, बरोबरच असेल. शाळेच्या वाटेवर, निम्म्यात, तिला आठवलं की नोंदवही आता आपल्यालाही उघडता येते. तिनं रस्त्याच्या कडेला थांबून ती उघडली. ‘आठ बत्तीस : फोन बंद.’

संध्याकाळी तिनं ती ओळ आईपुढे धरली. आईनं वाचली आणि कपाळावर हात मारून घेतला. साडेआठला स्वतःचा फोन काढताना पेटीत एक फोन चालू दिसला आणि चार वर्षांच्या सवयीनं तिच्या हातानं तो बंद करून टाकला होता. स्वतःच परवानगी दिलेला फोन! तिनं दोन्ही कान धरून दाखवले. खुणांच्या भाषेत त्याला वेगळा शब्द लागत नाही. शिवाय कस्तुरीनं नोंदवहीत आणखी एक ओळ हेरली होती : ‘जागा बंद आणि गरम, काम सावकाश.’ झाकण लावलेल्या पेटीत बिचाऱ्याची वाफ होत होती.

शुक्रवारी सात वाजता फोन पेटीत गेलाच नाही. तो वाऱ्याला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला गेला. त्याच्या पाठीवर कस्तुरीनं कागद चिकटवला : ‘मी झोपलेलो नाही, काम करतोय. जो हात लावेल त्यानं उद्या माझ्याऐवजी वादविवादाला जायचं.’ दादानं तो वाचला आणि खिडकीपासून चार पावलं लांबून जाऊ लागला.

शनिवारी सकाळी सहाला कस्तुरी खिडकीशी उभी राहिली. फोनला आधी नुसतं बोट लावून पाहिलं. गार होता. बॅटरी पूर्ण भरलेली. चष्मा घालायला मात्र तिचा हात धजेना. आज नाही जमलं तर आठ वाजता बस आपल्याशिवाय जाणार. शेवटी डोळे मिटून घातला, आणि मग उघडले.

‘आई – चहा गार व्हायलाय.’

कस्तुरीनं काचेवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाली, “परत म्हण.”

‘आई – चहा गार व्हायलाय म्हटलं.’

“अजून एकदा.”

‘आई – काय गं, बरं हाय ना तुला?’ आणि पाठोपाठ, ‘हर्षवर्धनदादा – तिला खुळ लागलंय.’

इतका गोड टोमणा तिनं आजवर वाचला नव्हता. त्या सकाळी चहा खरोखरच गार झाला आणि तो तिनं आनंदानं प्यायला.

दुपारी चार वाजता, तालुक्याच्या सभागृहात, बॅटरीचा आकडा होता एकाहत्तर. समोरच्या दोघांनी सुरुवातीला आपापली नावं सांगितली आणि फोननं ती नव्या पद्धतीनं, तिथल्या तिथे टिपून घेतली. शेवटच्या फेरीत समोरची मुलगी म्हणाली की शाळा सुटली की मुलांचं डोकं बंद ठेवायला हवं, तरच ते दुसऱ्या दिवशी चालतं. आठ दिवसांपूर्वी कस्तुरीकडे याला उत्तर नव्हतं. आज ती उठली आणि म्हणाली, “बंद ठेवणं वेगळं आणि निवांत ठेवणं वेगळं. दिवसभर जे शिकलो ते आपापल्या खणात लागायला निवांत वेळ लागतो. गृहपाठ थोडाच हवा, पण तो करणाऱ्याला मध्येच कुणी उठवू नये.” दादानं मागच्या रांगेतून अशी शिट्टी मारली की चष्म्यावर ती ‘हर्षवर्धनदादा – (शिट्टी)’ अशी नोंदली गेली. कस्तुरीच्या शाळेला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला नाही मिळाला म्हणून ती दोन दिवस धुसफुसली, हेही सांगायला हवं.

नंतरच्या सोमवारी ग्रामपंचायतीनं नियमात एक ओळ वाढवली. सातला भोंगा वाजला की फोन दूर ठेवायचा. अपडेट आलेलं असेल त्या आठवड्यात तो बंद करायचा नाही, उघड्या जागी चार्जिंगला लावून पालथा ठेवायचा. बुधवारपर्यंत गावातल्या सगळ्या मुलांचे फोन संध्याकाळपर्यंत टिकू लागले. चोरून गेम खेळतात म्हणणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितली नाही. एका माणसानं मात्र मागितली. शालिनीताईंनी ग्रामसभेत सगळ्या मुलांसमोर उभं राहून, खातरजमा न करता संशय घेतला हे चुकलं, असं सांगितलं. बोलताना त्या हातांनी खुणाही करत होत्या आणि बघत होत्या एकाच मुलीकडे.

मिस्त्रीनं नागझरीची सगळी हकीकत अपडेट लिहिणाऱ्यांना कळवली होती. तीन महिन्यांनी पुढचं अपडेट आलं. या वेळी ते लगेच सुरू झालं नाही. आधी पडद्यावर एक प्रश्न आला : ‘तुमच्या घरी मी निवांत कधी असतो?’

कस्तुरीनं थोडा विचार केला आणि लिहिलं : ‘संध्याकाळी सातनंतर. तेव्हा आम्ही एकमेकांशी बोलत असतो.’